डाग डॉक्टरकडं हाय

ज्यांना आज किंवा काल सांगितलंय की तुमच्या छातीत काहीतरी आहे, त्यांनी आधी बसून घ्यावं आणि चहा घ्यावा. मी घेतला नव्हता. मी उभ्या उभ्या ऐकलं, शेजारी आई उभी होती, आणि मग जे व्हायचं ते झालं. तेच सांगायला बसलेय.

मी काही लिहिणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं मैदानावर. औषधांची नावं मला विचारू नका, मात्रा विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. आता तर गोळ्या घेऊन माणसं घरात राहून बरी होतात. आमच्या वेळी, म्हणजे पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत, नुसतं नाव ऐकून शेजारी आपली वाटी परत न्यायला यायचे. मला क्षय झाला होता. हे वाक्य मी आज सरळ लिहिते. तेव्हा आमच्या घरानं ते अकरा महिने तोंडातून काढलं नाही.

चेंडूमागं

आम्ही चिखलीचे. आता तिकडं शेडं आणि कारखाने उभे आहेत, तेव्हा ज्वारी होती. आबा खडकीला लष्कराच्या मैदानावर माळी. गवत कापायचं, रूळ फिरवायचा, चुन्यानं रेघा मारायच्या. मी लहानपणी त्यांची भाकरी घेऊन जायची. जवान लोक मोडक्या स्टिका टाकून द्यायचे, त्या आबा सरसानं चिकटवून वर सुतळी गुंडाळायचे. अशा एका स्टिकवर मी हॉकी शिकले, कुणी न शिकवता, रेघेच्या बाहेर उभी राहून. पुढं पुण्याच्या मुलींच्या क्लबात गेले, तिथून प्रांताच्या संघात, तिथून देशाच्या. पाहुण्या संघांशी दोन सामने मी देशाकडून खेळले. लेफ्ट विंग. म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं पळायचं. बाकी काही नाही, नुसतं पळायचं.

आईला कुणी विचारलं, अनसूया काय करती, तर ती म्हणायची, "चेंडूमागं पळती. कुनाचा हाय कुनास ठाऊक."

मग परदेश दौऱ्याचं पत्र आलं. मुंबईहून बोट सुटणार. सोबत यादी होती: गरम कोट, दोन जोड बूट, टोचून घेतल्याचा दाखला, छातीचा फोटो. मला दोन महिने खोकला होता, पण मी तो आबांच्या चुन्यावर ढकलला होता. बोटीवर चुना कुठला, तिथं आपोआप थांबेल, असा माझा हिशेब.

फोटो

फोटो काढायला आई बरोबर आली. सिस्टरनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा. आईनं माझी कानातली फुलं आणि गळ्यातला सर काढून पदराला गाठ मारून ठेवला. चार दिवसांनी आम्हाला परत बोलावलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं दागिन्याला डाग म्हणतात. सोन्याचा डाग, चांदीचा डाग. लग्न ठरताना पहिला प्रश्न तोच, पोरीच्या अंगावर डाग किती. डॉक्टर पुण्याचे, शुद्ध बोलणारे. त्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "छातीत डाग दिसतोय. उजव्या बाजूला, वर."

आई म्हणाली, "न्हाई ओ. म्या सोता काढून घेतलं समदं. ह्ये बगा." आणि पदराची गाठ सोडून फुलं आणि सर त्यांच्या टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी सराकडं बघितलं, मग आईकडं. बाईला धक्का बसलाय असं त्यांना वाटलं असावं. आवाज हळू करून म्हणाले, "बाई, हा आत आहे."

"आत?"

"आत. पाच-सहा महिने तरी असावा."

आई माझ्याकडं वळली. तिची ती नजर मला अजून आठवते. "कुनी दिला हिला?"

"ते नेमकं नाही सांगता येत. कुणाकडून तरी घेतलेला असतो. प्रवासात, मैदानावर, जिथं मुली एकत्र राहतात तिथं. हिला माहीतही नसेल."

"घेनारीला म्हाईत न्हाई?" म्हणून आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी खोकायला लागले. डॉक्टरांनी त्या खोकल्याकडं बोट करून मान हलवली, म्हणजे बघा, पुरावा. मग ते म्हणाले, "आम्ही ठेवून घेऊ. दहा महिने तरी लागतील."

"डाग?"

"मुलीला."

मला मात्र सगळं कळलं होतं, "छातीत" या शब्दालाच. लोक म्हणतात अशा वेळी देव आठवतो, आईबाप आठवतात. मला खरं विचाराल तर गरम कोट आठवला, शिंप्याकडं अर्धा शिवून पडलेला. मी डॉक्टरांना म्हटलं, "बोट सुटायला सात आठवडे आहेत."

ते म्हणाले, "कसली बोट?"

मी सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला, पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले की यंदाची बोट विसर. मी विचारलं, आणि पुढची? परत खेळायला मिळेल का? टेबलावरचा सर उचलून त्यांनी आईच्या हातात दिला. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, आणि पुढचे सगळे महिने मी तेवढ्या एका उत्तरासाठी काढले.

आईचा निर्णय

घरी येताना वाटेत चुलती भेटली. आबा कामावरून यायच्या आधीच आईनं तिच्याजवळ मन मोकळं केलं: डॉक्टरच्या फोटोत पोरीचा लपवलेला डाग सापडला, कुणी दिला सांगत नाही. आळीत ही बातमी पोचायला, तुम्ही धरा, एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ.

आबा आले. त्यांनी माझ्याकडून ऐकलं, आईला बाहेरच्या ओट्यावर नेलं आणि समजावलं. आई बराच वेळ बाहेरच बसून राहिली. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. शेवंती, माझी धाकटी बहीण, तिचं मोशीच्या एका घरात जवळजवळ जमलेलं. घरात क्षय आहे कळलं असतं तर मोशीचे लोक आमच्या बांधावरनंही गेले नसते.

आई म्हणाली, "मग डागच ऱ्हाऊ द्या."

आबा म्हणाले, लोक पोरीबद्दल वाटेल ते बोलतील.

"चार दिस बोलतील. क्षयाचं तीन पिढ्या बोलतील."

मला राग आला होता. आज येत नाही. घरातल्या माणसांना तुमच्या आजारासाठी काहीतरी करायचं असतं आणि त्यांच्या हातात काही नसतं, म्हणून ती अशी कामं शोधतात. आबा स्टिकला तेल लावत बसायचे. आई थापा मारायची. मी रुग्णालयात गेले आणि आईनं सांगितलं की मला नगरला मावशीकडं धाडलंय. मग मोशीच्या होणाऱ्या विहीणबाईंच्या दिरानं बाजारात तिला गाठून विचारलं की थोरलीकडं डाग आहे म्हणे, केवढ्याचा? आई शांतपणे म्हणाली, "त्यो डॉक्टरकडं हाय. धा महिन्यांनी सोडनार म्हनत्यात."

तिच्या मते यात एक अक्षर खोटं नव्हतं.

झोपायचं काम

क्षयाचं रुग्णालय नदीपलीकडं, गावाबाहेर, लांब ओसरीचं. पहाटे ताप बघायचा, मग दूध, मग सुई. एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं, बसायची जागा अशी आळीपाळीनं. मग कडू पूड, मग जेवण, मग विश्रांतीचा तास. विश्रांती कशापासून, ते कुणी सांगत नसे, कारण आधीचा वेळही आडवंच पडायचं असायचं. पहिले तीन महिने स्वतःची वेणी घालायचीही मनाई. हात वर गेला की सिस्टर ओरडायची.

आता तुम्हीच सांगा, जिनं जन्मभर नुसतं पळण्याचं काम केलं तिला हे. मी पांघरुणाच्या आत पाय चालवायची. खाटेवरच्या खाटेवर खडकीच्या मैदानाला दहा चकरा. शेजारच्या खाटेवर मीराबाई होत्या, पिंपरी कँपातल्या सिंधी बाई, चाळिशीच्या, जाडजूड, क्षयानंही त्यांचं काही बिघडवलं नव्हतं असं वाटायचं. त्या म्हणायच्या, "अनसूया, तेरा कंबल किधर जा रहा है?"

दुसऱ्या महिन्यात जरा बरं वाटलं आणि मला अक्कल सुचली. विश्रांतीच्या तासाला उठले, मीराबाईंची छत्री घेतली, उलटी धरली, मुठीनं मोसंबं ढकलत ओसरीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मीराबाईंनी खाटेच्या दोन पायांमध्ये गोल धरला. तीन गोल झाले. चौथ्या मोसंब्याला सिस्टरनं पाय लावून अडवलं, आणि काय सुरेख अडवलं.

संध्याकाळी ताप एकशे दोनवर. दुसऱ्या दिवशी कफात रक्त. डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत, तेच जास्त वाईट. म्हणाले, "तुला परत खेळायचं की नाही ते मला विचारू नकोस. तुझ्या पायांना विचार. ते गप्प बसले तर बघू."

तेव्हापासून मी पायांना गप्प केलं. हे नव्यानं आजारी पडलेल्यांसाठी मुद्दाम लिहिते. बरं वाटणं आणि बरं होणं यांत महिन्यांचं अंतर असतं. गोळी अर्ध्यात सोडू नका. मी एका मोसंब्यापायी एक महिना वाढवून घेतला.

रिकामी खाट

माझ्या डावीकडं गंगू नावाची मुलगी होती. माझ्याच वयाची, जुन्नरकडची. ती कधी खोकतानाही आवाज करायची नाही. एका सकाळी मी जागी झाले तर तिची खाट रिकामी आणि गादी अंगणात उन्हात टाकलेली. दूध आलं, ते सगळ्यांनी घेतलं.

त्या दिवशी मी हॉकीचा विचार केला नाही. गादीकडं बघत राहिले. मीराबाईंनी खाट ओढून माझ्या खाटेला चिकटवली, नियमात बसत नव्हतं तरी, आणि दिवसभर पापड कसे लाटायचे ते सांगत राहिल्या. मिरी किती, सोडा किती, ऊन कसलं पाहिजे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण आवाज चालू होता. भीती वाटते तेव्हा कुणाकडून तरी पापडांबद्दल ऐकावं. उपयोग होतो.

पत्र

आबा दर रविवारी चिखलीहून सायकलवर यायचे. खडकीत आठवड्यात जे सामने झाले ते माझ्या पांघरुणावर औषधाच्या बाटल्या मांडून दाखवायचे. बोट सुटली त्या रविवारी त्यांनी तीन सामने सांगितले आणि बोटीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

दीड महिन्यानं परदेशातून चित्र छापलेलं पत्र आलं. आमची कप्तान ग्रेस, रेल्वेत नोकरीला, तिनं लिहिलेलं; खरं काय ते मी तिला एकटीलाच कळवलं होतं. इंग्रजीत. ओसरीवर कुणालाच वाचता येईना, म्हणून मी ते उशाशी ठेवलं आणि डॉक्टर फेरीला आले तेव्हा पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला. मागं दोन सिस्टर, एक शिकाऊ डॉक्टर, सगळे गंभीर. त्यांनी वाचून दाखवलं: "इथं थंडी आहे. बटाटे आहेत. पाच सामने झाले, दोन जिंकलो. तुझ्या जागी जी खेळते ती," इथं ते थांबले, परत वाचलं, "ती कोंबडीसारखी पळते. लवकर बरी हो."

त्यांनी पत्र माझ्या नाडीच्या कागदाला टाचून ठेवायला सांगितलं. म्हणाले, औषधातच धरा.

मोशीचे पाहुणे

अकराव्या महिन्यात दुसरा फोटो काढला. डाग सुकला होता. मी घरी आले, जाडी होऊन, गाल वर आलेले. गावाला वाटलं नगरच्या मावशीनं चांगलं खाऊ घातलं.

आठच दिवसांत मोशीचे पाहुणे शेवंतीची सुपारी फोडायला आले. मला आतल्या खोलीत बसवलं होतं, खोकायचं नाही अशी ताकीद देऊन. खोकला नव्हताच, पण ताकीद दिली की येतो. मी पदर तोंडात कोंबून बसले. बाहेर होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, "समदं ठरलं. पर थोरलीचा डाग तेवढा बघावा म्हनलं. धा महिनं झालं की."

मग आई आत आली. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही चुलतीचा एखादा सर मागून आणणार. तिनं पेटी उघडली आणि खालून दोन्ही फोटो काढले.

दाराच्या उजेडाला धरून ती म्हणाली, "ह्या माझ्या पोरीच्या बरगड्या. आन् ह्यो डाग. क्षय झाला व्हता तिला. ह्यो दुसरा फोटू नवा. बगा सापडतोय का."

मी फटीतून बघत होते. शेवंतीनं डोळे मिटून घेतले होते. आबा जमिनीकडं बघत होते. विहीणबाईंनी पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला, परत पहिला. मग म्हणाल्या, "म्हंजे सोन्याचा न्हाई?"

"न्हाई."

"मंग माझ्या दिराला चार तोळं कुनी सांगितलं?"

"म्या न्हाई," आई म्हणाली. आणि खरंच तिनं सांगितलं नव्हतं. ते आळीनं वाढवलं होतं.

मग विहीणबाईंनी मला हाक मारली. नावानं, अनसूया म्हणून. मी बाहेर गेले. पाणी आण म्हणाल्या. मी आणलं. अर्धं त्यांच्या पायावर सांडलं. उरलेलं त्यांनी माझ्या हातून घेतलं, प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि आईला म्हणाल्या, "बरगड्या लई बारीक हायेत हिच्या. दूध देत जा."

सुपारी फुटली. शेवंती आज मोशीत पणतवंडं खेळवते.

चिठ्ठी

आणखी दीड वर्ष गेलं. डॉक्टर मला पळू देत नव्हते. चालायला, मग भरभर चालायला, मग चेंडू मारायला परवानगी मिळाली. पळायला नाही. फुप्फुसाचा वरचा तुकडा सुकला म्हणजे परत फुलत नाही, एवढं त्यांनी समजावलं. दुसऱ्या दौऱ्याची निवड चाचणी खडकीलाच ठरली, आबांच्या मैदानावर. मी दाखला मागायला गेले. त्यांनी लिहिला: खेळण्यास हरकत नाही, जलद पळणे वर्ज्य.

मी ती चिठ्ठी तीन दिवस घेऊन फिरले. लेफ्ट विंगनं पळायचं नाही, म्हणजे काय करायचं? फाडून टाकावी असं शंभरदा मनात आलं. निवड करणाऱ्या साहेबांना माझा आजार माहीत नव्हता. ग्रेसनं कुणाला सांगितलं नव्हतं, घरच्या अडचणीमुळं राहिली, एवढंच. पण आईचे ते दाराच्या उजेडात धरलेले दोन फोटो डोळ्यांपुढून जाईनात. जिनं अकरा महिने गावाला बनवलं तिला जर जमलं, तर मला का जमू नये?

मी चिठ्ठी दिली. क्षय झाला होता, बरा झालाय, हेही सांगितलं. साहेबांनी नकळत खुर्ची मागं सरकवली. दोन मुली उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. साहेब म्हणाले, "हॉकी खेळायची आणि पळायचं नाही? मग मैदानात करणार काय?"

मी बूट काढायला बसले.

ग्रेस चिठ्ठी वाचत होती. ती म्हणाली, "सर, गोलकीपर को कौन भगाता है?"

मी जन्मात गोलात उभी राहिले नव्हते. माझ्या पायांना पॅड बांधले, ते माझ्या कमरेपर्यंत आले. चालले तर घोड्यासारखा आवाज. पहिल्या दहा मिनिटांत चार गोल खाल्ले. चौथा तर माझ्या दोन पायांमधून, मी उडी मारून त्याला वाट दिली. कारण चेंडू दिसला की मी त्याच्यामागं जायला बघायची, सवय ती. पाचव्या चेंडूला मला डॉक्टरांचं ऐकू आलं, पायांना सांग गप्प बसायला. मी जागची हलले नाही. चेंडू येऊन पॅडवर आपटला आणि बाहेर गेला. मग सहावा. मग सातवा. समोरून मुली पळत यायच्या, धापा टाकत, आणि मी उभी. मैदानात फक्त मला दम लागला नव्हता. अकरा महिने मी दुसरं काय शिकले होते?

त्यानंतर एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी लागली, क्लबाच्या ओसरीवर, टाचणीनं टाचलेली. मी जायला धजले नाही. आबांना पाठवलं आणि लांब झाडाखाली उभी राहिले. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव ते आकारावरून ओळखायचे. अकरा जणींच्या यादीत लेफ्ट विंग सगळ्यात शेवटी लिहितात, त्यामुळं आबा नेहमी खालून वाचायचे. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं दुसरंच कुणीतरी होतं. त्यांनी वरची ओळ बघितली, त्याच्या वरची बघितली, मग बोट काढलं, टोपी नीट केली आणि चुन्याची बादली उचलून निघाले. माझ्याकडं बघायचं टाळत होते.

मीच गेले यादीपाशी. बघितलं. मग हाक मारली, "आबा, वर बघा."

आबांनी आधी ओसरीच्या छताकडं बघितलं. मग यादीकडं. मग पहिल्या ओळीवर, गोलकीपरच्या जागी, बोट ठेवलं.

"गोलात?" ते म्हणाले.

"गोलात."

त्यांनी बादली खाली ठेवली. "मग आता गोलापुढचं गवत बारीक मारायला पायजे," म्हणाले, आणि मोठी कातर आणायला गेले.